वैद्यकाचें जुनें पुस्तक

जुनेपणानें प्रत्येक वस्तूची किंमत वाढतेच असें नाहीं. नांदेड जिल्ह्यांतील कंधारचा भुईकोट किल्ला घ्या. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळापर्यंत, म्हणजे दहाव्या शतकापर्यंत, या नगरीची कीर्ति मागें नेतां येते. आणि जितकें मागें जावें तितका गांवचा अभिमान वाढतो. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्याची नवी आवृत्ति निघाली कीं कालपर्यंत मानाचें असलेलें पुस्तक आज रस्त्याच्या कडेला येऊन पडतें, आणि त्याची किंमत अर्ध्याहूनही खालीं उतरते. पण त्या उतरलेल्या किंमतीवरच कितीएक गरीब घरांतील मुलामुलींचें शिक्षण उभें राहिलें आहे. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या कंधारच्या एखाद्या घरांतून मुलगी वैद्यकाच्या शिक्षणास निघाली, कीं पहिल्या महिन्यांतच तिच्यापुढें प्रश्न उभा राहतो, नवें पुस्तक घ्यावें कीं जुनें? नव्यास पैसा पुरत नाहीं, आणि जुन्यावर विश्वास ठेवावा तर त्यांतील एखादी चूक पुढें रोग्याच्या जिवावर बेतेल अशी भीति वाटते. हा प्रश्न आजचा नव्हे. महाराष्ट्रांत व हैदराबाद संस्थानांत त्यास जवळजवळ दोन शतकांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास पाहिला असतां उत्तरही बरेंचसें हातीं लागतें.

आपल्या प्राचीन वैद्यांसही हा प्रश्न पडला होता. ग्रंथ ऋषींनीं रचला म्हणून तो ग्राह्य, आणि अलीकडच्या कोणी रचला म्हणून तो त्याज्य, असें म्हणणारे लोक वाग्भटाच्या काळींही होतेच. ‘अष्टांगहृदया’च्या अखेरीस वाग्भटानें त्यांस मोठें मार्मिक उत्तर दिलें आहे. ऋषींच्या ग्रंथांवरच जर तुमची एवढी प्रीति आहे, तर चरक आणि सुश्रुत सोडून भेलादिकांचे ग्रंथ तुम्ही कां वाचीत नाहीं, असा त्याच्या बोलण्याचा भावार्थ आहे. ग्रंथ टिकतो तो त्यांत चांगलें सांगितलें आहे म्हणून, केवळ जुना आहे म्हणून नव्हे, हें त्यास सुचवावयाचें होतें. इतिहासानेंही वाग्भटाचीच साक्ष दिली. भेलसंहिता प्रचारांतून इतकी गेली कीं तिची खंडित पोथी उरली ती तंजावरास, मराठ्यांच्या सरस्वतीमहाल ग्रंथसंग्रहांत. ती छापून निघाली तेव्हां १९२१ साल उजाडलें होतें. वैद्यांनीं टाकलेलें पुस्तक इतिहासकारांस मौल्यवान ठरतें तें असें. परंतु विद्यार्थ्याची गरज इतिहासकाराहून निराळी असते, हें विसरतां कामा नये.

मुंबईंत पाश्चात्त्य वैद्यकाचें पद्धतशीर शिक्षण १८२६ सालीं सुरू झालें. त्या वेळच्या देशी वैद्यकशाळेचे प्रमुख डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्यापुढें पहिली अडचण उभी राहिली ती पुस्तकांचीच. विद्यार्थी देशी भाषा जाणणारे, आणि ग्रंथ सगळे इंग्रजी. तेव्हां डॉक्टरांनीं भाषांतराचें काम स्वतःच अंगावर घेतलें. ती शाळा १८३२ सालीं बंद पडली आणि तेथेंच तो उद्योगही थांबला. पुढें १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें. तेथील शिक्षण इंग्रजींतून होतें. डॉ. भाऊ दाजी लाड हे तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकीं एक. १८६१ सालापासून त्याच कॉलेजांत मराठी व गुजराथी वर्गही चालूं लागले, आणि त्यांच्यासाठीं मराठींत वैद्यकाचीं पुस्तकें पुन्हां लिहिलीं जाऊं लागलीं. म्हणजे एकाच छपराखालीं दोन तऱ्हेचे विद्यार्थी बसत. एकाचें पुस्तक विलायतेहून जहाजानें येई, तर दुसऱ्याचें मुंबईंतच तयार होई. पहिल्याच्या पुस्तकाची आवृत्ति दर दोन-चार वर्षांनीं बदले. दुसऱ्याच्या पुस्तकास दुसरी आवृत्ति मिळण्याची शाश्वतीच नसे.

विलायतेहून येणाऱ्या त्या पुस्तकांत सर्वांहून प्रसिद्ध झालें तें हेन्री ग्रे यांचें शारीरशास्त्रावरील पुस्तक. त्याची पहिली आवृत्ति १८५८ सालीं लंडनास निघाली. पृष्ठें ७५०, चित्रें ३६३ आणि किंमत २८ शिलिंग. तेव्हांच्या हुंडणावळीनें ही रक्कम सुमारें चौदा रुपये होते, आणि त्या काळीं चौदा रुपयांत एखाद्या गरीब कुटुंबाचा महिना निघे. या पुस्तकाचा महाराष्ट्राशीं असलेला संबंध फार थोड्यांस ठाऊक आहे. त्यांतील चित्रें काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे त्याच १८५८ सालीं मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांत शारीरशास्त्र शिकवूं लागले. पुढें कित्येक वर्षें ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. महारोगावर आणि पायास गांठी येऊन कुजविणाऱ्या ‘मदुरा फूट’ या रोगावर त्यांनीं येथें राहून मोलाचें संशोधन केलें. पुस्तकाच्या विक्रीवर ग्रे यांस दर हजार प्रतींमागें दीडशें पौंड मिळावयाचे होते. कार्टर यांस एकदांच दीडशें पौंड मिळाले, आणि पुढील आवृत्त्यांचें कांहीं नाहीं. ग्रे तर १८६१ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, देवीच्या रोगानें वारले. पुस्तक मात्र चालूं राहिलें. १९१८ सालापर्यंत त्याच्या वीस आवृत्त्या झाल्या होत्या आणि बेचाळिसावी २०२० सालीं निघाली.

या पुस्तकावरून जुन्या आवृत्तीविषयीं पहिला धडा मिळतो. मनुष्याच्या मांडीचें हाड १८५८ सालीं जेथें होतें तेथेंच तें आजही आहे. कार्टर यांनीं अवयवांचीं नांवें चित्रांत त्या त्या अवयवावरच लिहिलीं, त्यामुळें चित्र व नांव एकदम डोळ्यांत भरतें. त्यांच्या आकृति आजही चुकीच्या ठरलेल्या नाहींत. मग बदललें तें काय? बदललीं तीं मुख्यतः नांवें. १८९५ सालीं बाझल येथें, १९५५ सालीं पॅरिस येथें आणि पुन्हां १९९८ सालीं जगांतील शारीरशास्त्रज्ञांनीं अवयवांच्या नांवांच्या याद्या ठरविल्या. जुन्या पुस्तकांतील ‘इनॉमिनेट आर्टरी’ नव्या पुस्तकांत ‘ब्रॅकिओसेफॅलिक ट्रंक’ झाली. रक्तवाहिनी तीच, पण परीक्षकानें नव्या नांवानें विचारलें तर जुनें पुस्तक वाचलेला विद्यार्थी गोंधळणार. तरीही हा दोष दहा-वीस नांवें समासांत लिहून घेतल्यानें भरून निघण्यासारखा आहे. याकरितां शारीराचें जुनें पुस्तक घेण्यांत धोका सर्वांत कमी.

आतां हैदराबादकडे वळूं, कारण कंधार हें १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि तेथील मुलांस उच्च शिक्षणासाठीं राजधानीचाच रस्ता जवळचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोदावरीच्या खोऱ्यांतून रेल्वे झाली, तेव्हां नांदेडपर्यंत गाडीवाटेनें जावें आणि तेथून रेल्वेनें सिकंदराबादेस उतरावें, असा तो प्रवास. हैदराबादेंत वैद्यकशाळा १८४६ सालींच निघाली होती आणि आरंभीं तेथें उर्दूंतून शिकवीत. त्या सिकंदराबादेंतच १८९७ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २० तारखेस मेजर रोनाल्ड रॉस यांस डांसाच्या पोटांत हिवतापाचे जंतु दिसले. हिवताप दलदलीच्या दूषित हवेनें होतो हें मत शतकानुशतकें पुस्तकांत छापलें जात होतें. त्या शोधानें व त्यापाठोपाठच्या संशोधनानें तीं सारीं पानें रद्द झालीं. ज्या संस्थानांत हा शोध लागला त्याच संस्थानांतील विद्यार्थ्याजवळ तीन वर्षें आधींची आवृत्ति असती, तर आपल्या दाराशींच लागलेला शोध त्याला पुस्तकांत सांपडला नसता. हा दुसरा धडा. शरीराची रचना टिकते, पण रोगाचें कारण सांगणारें पान केव्हां शिळें होईल याचा नेम नाहीं.

या गोष्टीचीं उदाहरणें पुढील काळांत वाढतच गेलीं. १९३५ सालीं सल्फा वर्गाचीं औषधें आलीं. पुढच्या दहा वर्षांत पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसीन आलें, आणि १९५२ सालीं क्षयावर आयसोनियाझिड आलें. त्यापूर्वींच्या पुस्तकांत क्षयरोग्यास विश्रांति, मोकळी हवा आणि छातींत हवा भरून फुप्फुस दाबून ठेवण्याचा उपाय सांगितलेला असे. मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रें ४८ असतात असें १९२० नंतरचीं पुस्तकें तीस वर्षें बिनदिक्कत सांगत आलीं. १९५६ सालीं त्यो व लेव्हान या दोघांनीं ती संख्या ४६ असल्याचें दाखविलें. जठरव्रण हा चिंतेमुळें व आम्लामुळें होतो, आणि तो बरा न झाल्यास जठराचा भाग कापून काढावा, हें शस्त्रक्रियेच्या जुन्या पुस्तकांतील एक मोठें प्रकरण. १९८० नंतर ऑस्ट्रेलियांतील मार्शल व वॉरन यांनीं त्यामागें बहुधा जंतु असतो हें सिद्ध केलें, आणि पुष्कळ रोग्यांचा सुरीचा प्रसंग गोळ्यांवर भागूं लागला. त्या दोघांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हें सर्व पाहिल्यावर औषधशास्त्राचें व चिकित्सेचें जुनें पुस्तक स्वस्त मिळालें तरी तें महाग कां पडतें, हें निराळें सांगावयास नको.

तिसरा धडा हैदराबादेनेंच दिला, आणि तो सर्वांहून कडू आहे. १९१७ सालीं उस्मानिया विद्यापीठाचा हुकूम निघाला आणि त्याच सालीं भाषांतराचें एक मोठें खातें स्थापन झालें. १९१८ सालीं विद्यापीठ निघालें. उच्च शिक्षण देशी भाषेंत देण्याचा एवढा मोठा प्रयोग हिंदुस्थानांत तोंवर झाला नव्हता. इतिहास, गणित, कायदा, यंत्रशास्त्र आणि वैद्यक यांचीं इंग्रजी पुस्तकें उर्दूंत आणलीं गेलीं. अरबी-फारसी धातूंवरून सहस्रावधि पारिभाषिक शब्द घडविले गेले. हा उद्योग विद्वानांचा होता व त्यांत परिश्रम अपार होते. परंतु मराठवाड्यांतील विद्यार्थ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याची मातृभाषा मराठी, पुस्तक उर्दू, आणि मूळ ग्रंथ इंग्रजी. शिवाय भाषांतराचा एक स्वाभाविक दोष असतो. भाषांतर पुरें होऊन छापून निघेपर्यंत मूळ पुस्तकाची पुढील आवृत्ति बाजारांत आलेली असते. त्यामुळें कोरें करकरीत भाषांतरही एका अर्थानें जुनेंच पुस्तक ठरे.

पुढें १९४८ सालच्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत विलीन झालें आणि त्यानंतर विद्यापीठाचें शिक्षण इंग्रजींतून होऊं लागलें. त्याबरोबर वैद्यकाच्या उर्दू पुस्तकांचा सारा संग्रह निरुपयोगी झाला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या पुस्तकांतील हाडें, स्नायु आणि रक्तवाहिन्या होत्या तशाच होत्या. ज्ञान एका दिवसांत शिळें झालें नव्हतें. बदललें होतें तें राज्य, आणि राज्याबरोबर शिक्षणाची भाषा. ज्या धाकट्या भावानें थोरल्याचीं पुस्तकें जपून ठेवलीं असतील, त्याच्या हातीं तीं असूनही नसल्यासारखीं झालीं. थोरल्याचीं पुस्तकें धाकट्यानें वापरावीं ही गरीब घरांतील शिक्षणाची जुनी रीत. भाषा बदलली कीं ती सांखळी मध्येंच तुटते. आज देशी भाषांतून वैद्यक शिकविण्याचा विचार पुन्हां होऊं लागला आहे. तो योग्य कीं अयोग्य हा वाद बाजूस ठेवला, तरी पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीबरोबरच दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीची तजवीज करावी लागते, एवढें हैदराबादच्या इतिहासावरून घेण्यासारखें आहे.

स्वातंत्र्यानंतर पुस्तकें स्वस्त करण्याचे कांहीं चांगले प्रयत्न झाले. ब्रिटिश सरकारच्या साहाय्यानें ‘इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटी’ ही योजना १९६० च्या सुमारास निघाली. बेली व लव्ह यांचें शस्त्रक्रियेवरील, डेव्हिडसन यांचें चिकित्सेवरील, सॅम्सन राइट यांचें शरीरक्रियेवरील, असे नांवाजलेले ग्रंथ त्या योजनेमुळें विलायतेंतील किंमतीच्या मानानें पुष्कळ स्वस्त मिळूं लागले. गेल्या शतकाच्या अखेरीस ती योजना बंद झाली. तोंवर भारतीय लेखकांनीं ती जागा बरीचशी भरून काढली होती. न्यायवैद्यकावर डॉ. जयसिंग मोदी यांचें पुस्तक १९२० सालींच निघालें होतें. सामाजिक वैद्यकावर पार्क यांचें जबलपुराहून निघणारें पुस्तक १९७० सालीं आलें, आणि ग्वाल्हेरच्या डॉ. चौरसिया यांचें शारीरशास्त्र १९७९ सालीं. आपल्या देशांतील रोगी, आपल्या येथील परीक्षा आणि आपल्या विद्यार्थ्याची ऐपत, या तिन्ही गोष्टी या लेखकांस ठाऊक होत्या. १९७८-७९ सालीं सरकारनें अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं पुस्तकपेढीची योजना काढली. दोघां विद्यार्थ्यांमागें एक संच, आणि संचाचें आयुष्य तीन वर्षें, असा तिचा नियम. पुस्तक किती दिवस चालवावें याचें सरकारनें ठरविलेलें हें मान गृहस्थांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

दरम्यान मराठवाड्यांतच वैद्यकाचीं कॉलेजें निघालीं. औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, १९५६ सालीं. अंबाजोगाईस १९७४ सालीं. नांदेडास १९८८ सालीं. आणि लातुरास २००२ सालीं. कंधारच्या मुलास हैदराबादचा प्रवास आतां करावा लागत नाहीं; नांदेड सुमारें पन्नास किलोमीटरांवर आहे. जुन्या पुस्तकांसाठीं हैदराबादच्या कोठी भागांतील दुकानें, मुंबईस किंग्ज सर्कलचा पदपथ आणि पुण्यास अप्पा बळवंत चौक हीं ठिकाणें प्रसिद्ध आहेत. पण खरा बाजार भरतो तो वसतिगृहांत. वरच्या वर्षांतील विद्यार्थी खालच्यास पुस्तक देतो, आणि त्याबरोबर एक वस्तु फुकट देतो, ती म्हणजे पुस्तकाच्या समासांतील टिपणें. कोणतें वाक्य गुरुजींनीं खोडावयास सांगितलें, कोणता आंकडा बदलला, हें त्या टिपणांत असतें. अनोळखी माणसाकडून घेतलेलें स्वच्छ पुस्तक आणि ओळखीच्या हुशार विद्यार्थ्याकडून घेतलेलें रेघोट्या मारलेलें पुस्तक यांत दुसरें पुष्कळदां अधिक मोलाचें ठरतें.

एवढ्यावरही कांहीं पुस्तकांच्या बाबतींत टिपणांनीं भागत नाहीं. न्यायवैद्यक हें त्याचें अगदीं अलीकडचें उदाहरण. २०२४ सालच्या १ जुलैस भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचें कलम ३०२ होतें, तें आतां १०३ आहे. संशयास्पद मृत्यूच्या चौकशीचें फौजदारी प्रक्रिया संहितेंतील कलम १७४ होतें, तें नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत १९४ झालें. शवावरील जखमांचें वर्णन जुन्याच पुस्तकांतील चालेल, परंतु न्यायालयांत साक्षीस उभ्या राहणाऱ्या डॉक्टरास जुनीं कलमें उपयोगीं पडणार नाहींत. तसेंच २०१९ सालापासून वैद्यकाचा अभ्यासक्रम नव्या धर्तीवर आंखण्यांत आला, आणि पाठ्यपुस्तकांची मांडणीही त्याप्रमाणें बदलली. सामाजिक वैद्यकांतील लसींचीं वेळापत्रकें, रोगांचे आंकडे आणि सरकारी कार्यक्रम हे तर दोन-तीन वर्षांत बदलतात.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य काय? पुस्तकाचें वय छापील सालावरून मोजूं नये. तें विषयावरून मोजावें. शारीरशास्त्र सावकाश म्हातारें होतें, म्हणून तें जुनें घ्यावें व नव्या नांवांची यादी ग्रंथालयांतून उतरून घ्यावी. शरीरक्रियेचें व विकृतिशास्त्राचें पुस्तक एक आवृत्ति मागचें चालतें. दोन आवृत्त्या मागचें घेण्यापूर्वीं शिक्षकांस विचारावें. औषधशास्त्र, सामाजिक वैद्यक आणि न्यायवैद्यक हीं मात्र नवींच घ्यावीं. एकट्यास परवडत नसेल तर दोघांनीं मिळून एक प्रत घ्यावी, पण औषधाची मात्रा जुन्या पुस्तकावरून कधींही पाठ करूं नये. शारीराच्या पुस्तकावर वांचविलेला पैसा औषधशास्त्रावर खर्च करणें यांतच गरीब विद्यार्थ्याचें शहाणपण आहे. आणि ज्यांचें शिक्षण पुरें होऊन ज्यांच्या कपाटांत पुस्तकें नुसतीं धूळ खात उभीं आहेत, अशा शहरांतील डॉक्टरांनीं तीं कपाटें वर्षांतून एकदां उघडावीं. जें अजून जिवंत आहे तें एखाद्या वसतिगृहास द्यावें. जें मेलें आहे तें रद्दींत टाकावें, दान म्हणून देऊं नये. कारण शिळें अन्न आणि शिळें औषधशास्त्र यांचें दान घेणारास उपाशी राहण्याहूनही अधिक अपायकारक होतें.